कोंबड्यावर न उतरलेला ताप

केदारखेडा,
दिवाळीच्या तोंडावर

चि. गंधालीस जगन्नाथकाकाचे अनेक आशीर्वाद. पुण्यात तू, तुझी प्रयोगशाळा आणि तुम्ही तिथे पाळलेले मलेरियाचे जंतू असे सगळे सुखरूप असाल, असं धरून चालतो. आमच्याकडचे जंतूही मजेत आहेत. माणसांचं तेवढं सांगायचं आहे.

श्रावणात आमच्या मच्छिंद्रला (तुझा चुलतभाऊ खरा, पण अक्कल आजोळची) दिवसाआड थंडी वाजून ताप येऊ लागला. आशाताई बेबीनंदानं बोटातून रक्त काढून नेलं. मलेरिया निघाला. चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. चार दिवसांत बरं वाटलं, तशा या शहाण्यानं उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवल्या आणि कपाशीवर फवारणी करायला गेला. महिन्यानं ताप परत. नव्यानं गोळ्या सुरू झाल्या आणि या खेपेला मी, निवृत्त विज्ञान शिक्षक, गोळी गिळली का ते रोज त्याची जीभ उचलून बघू लागलो.

त्यातच आमच्या सुनेची, शालूची आई केशरबाई मंठ्याहून बगलेत कोंबडा घेऊन आल्या. (कंडक्टरनं कोंबड्याचं तिकीट मागितलं म्हणून आधी अर्धा तास त्याचा उद्धार झाला.) त्यांच्यात ताप कोंबड्यावर उतरवतात. आजाऱ्यावरून ओवाळायचा आणि शिवेबाहेर सोडून यायचा. कोंबडा तीनदा ओवाळला, तीनदा सोडला, आणि तिन्ही वेळा विहीणबाईंच्या आधी घरी पोचला. तब्येत ठणठणीत. मच्छिंद्र गोधडीत कुडकुडतोय आणि हा भिंतीवर उभा राहून आरवतोय.

मला राहवेना. तू फोनवर समजावलेलं सगळं मी गल्ली गोळा करून, दारावर कोळशानं रक्तातल्या तांबड्या पेशी काढून शिकवलं. जंतूला आधी पेशीला घट्ट धरावं लागतं, तेव्हा आत शिरता येतं. ज्याची पकड माणसाच्या पेशीवर बसते, त्याची कोंबड्याच्या पेशीवर बसत नाही. कोंबड्यांचे जंतू वेगळे. गोरिलातला एक जंतू हजारो वर्षांत बदलत गेला, तेव्हा कुठे माणसात शिरला. आणि एका माणसातून दुसऱ्यात ने-आण करतो तो डास. केशरबाई तोंड वाकडं करून उठल्या. शालू मात्र (पाचवा महिना चालू होता, तरी शेवटपर्यंत बसली) हळूच म्हणाली, "मामा, मंग माणसाचा ताप माणसावरच उतरंल की."

"एकदम बराबर," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत इतकं चटकन कुणाला समजलं नव्हतं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो, गंधाली. लाज वाटते लिहायला.

दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी बाह्या वर करून नवऱ्याच्या खाटेला टेकून बसायची. मच्छरदाणी तिनंच काढून ठेवली होती. मला वाटलं, उकडत असेल. मच्छिंद्र चौदा दिवसांत बरा झाला. पुढच्याच आठवड्यात हिला थंडी वाजली. चार दिवस तिनं कुणाला कळू दिलं नाही. मग जालन्याला नेलं, तोवर उशीर झाला होता. मुलगी होती.

शालू अजून दवाखान्यात आहे. अंगात रक्त नाही, ताप आहे. काल नर्सला तिच्या उशीखाली तीन दिवसांच्या गोळ्या सापडल्या. मी रागावलो, तर म्हणाली, "माझा ताप गेला की तो त्यांच्यावर परत जाईल, मामा. मी न्हाई घेणार." डॉक्टरांनी सांगून पाहिलं, मच्छिंद्रनं पाय धरले. ऐकत नाही. माझ्यावर तर आता कुणाचाच विश्वास नाही, माझासुद्धा.

बाकी क्षेम. कोंबडा अंगणात आहे. त्याला कापायला कुणी धजत नाही.

तुझा,
जगन्नाथकाका

ता. क. पत्र मिळताच तिला फोन कर. तुझं ती ऐकेल, कारण मी जे शिकवलं ते तुझं होतं हे तिला ठाऊक आहे. सांग, की एकदा उतरलेला ताप मागे फिरत नाही, गोळ्यांनी तिच्याच अंगात मरतो.

ता. क. २. खोटं आहे, मला कळतं. मच्छिंद्र गोळ्यांनी बरा झाला. पण खरं सांगितलं तर ती विचारील, मग लेकरू कशाला गेलं. तिनं तुला विचारलं, लेकरू कामी आलं का, तर हो म्हण. मी चौतीस वर्षं चुकीच्या उत्तराला कधी गुण दिला नाही. एवढा एक तू दे.