उद्धवची बॅटरी

मी, सूर्यभान नामदेव गावंडे, वय ६३, फौजेतून निवृत्त, धंदा शेती, राहणार भातकुली, जि. अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्याने करत नाहीत.

१. राहते घर पत्नी रुख्मिणी हिला, तिच्यामागे मुलगा गोपाल याला. चार एकर वावर गोपालला. बांधावरचा कडुनिंब तोडू नये. त्याला तोडायची लय घाई आहे, म्हणून लिहून ठेवतो.

२. पत्र्याच्या पेटीतली हिरव्या काचेची बॅटरी चांदूर बाजारच्या श्रीमती तारा उद्धव इंगोले यांना. बॅटरी माझी नव्हे. खुलासा करणे भाग आहे.

उद्धव आणि मी एकाच गावचे, पुढे एका पलटणीत. अडतीस वर्षांपूर्वी, दक्षिणेकडच्या शेजारच्या बेटावर फौज गेली त्या लढाईत, शत्रूच्या ठाण्याशेजारी रात्री हेलिकॉप्टरने उतरायचे ठरले. पहिल्या फेरीने उतरून हिरवा उजेड दाखवायचा, मग दुसरी फेरी. नकाशा जुना, शत्रू किती ते ठाऊक नाही, आणि बॅटरी एकच. हा बेत आखणाऱ्या साहेबांना माझ्या इस्टेटीतून छदामही नाही.

उद्धव पहिल्या फेरीत, मी दुसऱ्या. त्याच्या पाठीवर काडतुसांचं ओझं पाहून, बाजारातून घरी येताना घ्यायचो तशी, मी त्याची एक पिशवी घेतली. "उतरल्यावर देजो," तो म्हणाला. आम्ही वर घिरट्या घालत राहिलो. खाली उजेड दिसेना, गोळ्या येऊ लागल्या, हेलिकॉप्टर परत फिरलं. छावणीत पिशवी उघडली तर आत बॅटरी. पहिल्या फेरीतलं कोणी परत आलं नाही.

तारावहिनींनी एकदाच विचारलं, "भाऊ, त्यानं उजेड काहून नाई दाखवला?"

मी म्हणालो, "मले ठाऊक नाई."

जिवंतपणी खरं सांगायची छाती झाली नाही. दोन माणसांचं काम निघालं की मी अजून उद्धवसाठी बांधाकडे बघतो. सेल दर दिवाळीला बदलले आहेत. बॅटरी लागते.

३. गोपालने ती माझ्या तेरवीआधी स्वतः नेऊन द्यावी व हा कागद वाचून दाखवावा. वहिनींनी शिव्या दिल्या तर मान खाली घालून ऐकाव्या, त्या माझ्या आहेत. उद्धवचा देह आला नाही, म्हणून वहिनी त्याला गेलेला मानत नाहीत; अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाकी पितरांची घागर भरतात, त्याची भरत नाहीत. आता भरावी. माझी घागर गोपाल भरेल. ती उद्धवच्या शेजारी ठेवू द्यायची का, हे वहिनींनी ठरवावे.

साक्षीदारांसमोर सही केली. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही, आधी वहिनींना कळावा.

सही: सू. ना. गावंडे
साक्षीदार: १. वामनराव देशमुख २. शेखर वानखडे
भातकुली, १२ नोव्हेंबर २०२५