बिशपसाहेबांच्या डोळ्यातला ठिपका

पॅरिस, फेब्रुवारी १६७४

तीर्थरूप बाबा,
पेरिनचा नमस्कार. आम्ही खुशाल आहोत. तुमचा खोकला कसा आहे?

ह्यांनी बिशपसाहेबांची तसबीर तांब्यावर कोरायला घेतली आहे. सावली रेघांची, उजेड म्हणजे न कोरलेलं तांबं, हे तुम्हीच त्यांना शिकवलंत. पण परवा डाव्या डोळ्यातला उजेडाचा ठिपकाच कोरला गेला. छापून पाहिलं तर साहेब मेल्यासारखे दिसले. पत्रा मागून ठोकून, घासून ती जागा पुन्हा गुळगुळीत केली. हे म्हणाले, "खिडकी मळली आहे." खिडकी मी रविवारीच पुसली होती.

मग सणाला चर्चमधून आणलेल्या मेणबत्तीचं मेण मी मोहरीएवढं त्या जागी चिकटवलं, बोटाला लागावं म्हणून. आज ते चाचपत ह्यांनी भोवतीनं कोरलं. कोरून झाल्यावर विचारलं,

"अगं, साहेबांच्या डोळ्यात मेण कुणी घातलं?"

"मधमाशीनं घातलं असेल."

"एवढ्या थंडीत?" मग मान वर न करता म्हणाले, "तिला सांग, उजव्या डोळ्यातही घाल."

बाबा, तुम्ही सत्तरीपर्यंत कोरत होतात. आईनंही असंच काही केलं होतं का? ती कधी बोलली नाही. तुम्ही तरी कळवा.

तुमची लेक,
पेरिन