गरोदर उंदरिणींना रस्सा पाजल्यावरून झालेल्या निलंबनाबद्दल

प्रति,
मा. उपसंचालक साहेब (प्राणीगृह),
मेंदू संशोधन केंद्र, कुमासी.

अर्जदार : आबेना सेर्वा, प्राणीगृह सेविका (सेवा एकोणीस वर्षे).

विषय : निलंबन मागे घेऊन कामावर रुजू करून घेण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ जूनचे पत्र, ज्यात 'रस्सा' हा शब्द चार वेळा आला आहे.

महोदय,

१. डॉ. झिफा अग्बेको यांच्या प्रयोगात गरोदर उंदरिणींना खोट्या विषाणूची सुई टोचतात. सुईत रोग नसतो, पण आईचं शरीर फसतं, लढायला उठतं, ताप चढतो. त्या धुमश्चक्रीचा धक्का पोटातल्या पिल्लाच्या मेंदूला बसतो का, हे पाहायचं असतं. डॉक्टरबाईंनी हे अर्जदारास स्वतः समजावलं होतं आणि अर्जदारास ते पटलंही होतं. शेजारी भांडण पेटलं की आपल्या घरातलं पोर दचकतंच.

२. मात्र सुईनंतर पुढे काय करायचं, हे कोणी समजावलं नव्हतं. उंदरिणी केस फुलवून कोपऱ्यात थरथरत बसल्या. अर्जदाराची स्वतःची पाच बाळंतपणं झाली असून लेकी-सुनांची नऊ तिने काढली आहेत. आपल्याकडे पोटुशीला ताप आला की आलं-टोमॅटोचा पातळ रस्सा, त्यात प्रेकेसेची वासाची औषधी शेंग, हे विचारून करायची पद्धत नाही. अर्जदाराने प्रत्येकीला ड्रॉपरने दोन थेंब दिले. मिरची घातली नव्हती, याची कृपया स्वतंत्र नोंद व्हावी. तो त्याग होता.

३. ही गोष्ट लपवली, हा आरोप सपशेल खोटा आहे. नोंदवहीत 'काय दिले' या रकान्यात रोज 'रस्सा, दोन थेंब' असं लिहिलेलं आहे. त्याखाली डॉक्टरबाईंची सही आहे. अकरा आठवडे.

४. पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्यापुढे भुशात वीस गोट्या मांडतात. आईच्या तापाचा धक्का बसलेलं पिल्लू वेड्यासारखं गोट्या पुरत सुटतं आणि अनोळखी उंदराकडे ढुंकूनही पाहत नाही, अशी डॉक्टरबाईंची अपेक्षा होती. आमच्या पिल्लांनी चार-पाच पुरल्या आणि पाहुण्याला चिकटून झोपली. डॉक्टरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आंटी, अगं, ह्या उंदरिणी आहेत, तुझ्या सुना नाहीत!" अर्जदार म्हणाली, "पोटुशी ती पोटुशी, बाई. शेपटी कोण बघतं?" हे उत्तर आपल्या पत्रात 'उद्धटपणा' या सदरात घातलं आहे. तो सल्ला होता.

५. पिल्लांना नावं देऊन नोंदींचा गोंधळ केला, हाही आरोप आहे. आपल्यात जन्मवाराचं नाव लागतंच. एका आईची नऊ पिल्लं बुधवारी झाली, तेव्हा पाच नर क्वाकू आणि चार माद्या आकुआ, यात अर्जदाराचा काय दोष? हाक मारली की सगळे येत, त्यामुळे मोजणी उलट सोपी झाली.

६. रस्सा फक्त तापलेल्या आयांना दिला. सुई न टोचलेल्यांना नाही. धडधाकट बाईला कोण रस्सा देतं? त्यामुळे प्रयोग बिघडला की नवाच प्रयोग झाला, हे ठरवणं अर्जदाराच्या पगारश्रेणीत बसत नाही.

७. आता नाइलाजाने लिहावं लागतं. डॉ. अग्बेको यांना सातवा महिना आहे. गेल्या गुरुवारी त्यांना ताप भरला. दवाखान्यातून गोळ्या घेऊन परतताना त्यांनी ड्रायव्हरहाती अर्जदाराच्या घरी डबा पाठवला. निरोप असा : "आंटी, तोच करून दे. थेंब नको, डबा भरून दे. मिरची घाल. आणि साहेबांना बोलू नकोस." अर्जदार बोललेली नाही, लिहिते आहे. तेव्हापासून डबा रोज जातो.

८. निलंबन काळात अर्जदाराने 'प्रयोगाशी संबंधित कोणासही काहीही खाऊ-पिऊ घालू नये' असा आपला हुकूम आहे. तो पाळला तर डॉक्टरबाई उपाशी, मोडला तर नोकरी जाते. मंगळवारी नव्या बारा उंदरिणींना सुई आहे. तरी त्याआधी अर्जदारास कामावर घ्यावं, अथवा डॉक्टरबाईंचा डबा बंद करण्याचा लेखी आदेश आपल्या सहीने त्यांच्याच हाती द्यावा. अर्जदार तेव्हा दाराबाहेर उभी राहील.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,
आबेना सेर्वा
दि. १४ जून

सोबत : १) नोंदवहीच्या अकरा पानांच्या प्रती, सह्यांसह. २) डॉक्टरबाईंचा डबा, रिकामा, धुतलेला. पुरावा पाहून झाल्यावर उद्या दहाच्या आत परत मिळावा. भरून पाठवायचा आहे.