उतारावरची टिकटिक

२ मे
पोचले एकदाची, सायकलसकट आणि हाडं शाबूत! बसवाल्याने सायकल टपावर अशी फेकली होती की जणू सरपणाची मोळी. दोन शब्द सुनावले, तेव्हा कुठे दोरी नीट बांधली. काम मात्र झकास मिळालंय. सायकलवाल्यांच्या मार्गदर्शिकेसाठी शांत रस्ते शोधायचे, स्वतः चालवून बघायचे आणि नकाशावर खुणा करायच्या. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, ते हेच.

इथले डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी. घाटाचा रस्ता काळ्या खडकातून वळत वळत जातो, आणि कडेला माणूस आत जाईल एवढी भोकं आहेत. लाव्हा वाहून गेला आणि आत पोकळ नळ्या राहिल्या, असं घरमालकीण काकूंनी सांगितलं. पलीकडच्या बाजूला दरड कोसळल्यापासून गाड्या बंद आहेत. सायकल तेवढी उचलून पार नेता येते. एवढा शांत रस्ता मी जन्मात पाहिला नाही.

लगेच भोंग्याला फोन केला. भोंगा म्हणजे माझा धाकटा भाऊ, जन्मल्यापासून एक मिनिट गप्प बसलेला नाही. तो आठ तारखेला पलीकडून घाट चढून माझ्याकडे उतरणार. नवीन चाक बसवलंय म्हणे, त्याची टिकटिक गावभर ऐकू येते. मी म्हटलं, शोभतं तुला. त्यावर म्हणाला, ताई, तुझ्या चाकाचा आवाज तर मी झोपेतही ओळखेन. आईबाबा गेल्यापासून आम्हाला आम्हीच. गाढव आहे, पण त्याच्यावाचून माझं पान हलत नाही.

३ मे
इथले लोक सायकल चालवतात की व्रत पाळतात, कळत नाही. उतारावर कोणी पॅडल थांबवत नाही! ब्रेक दाबतात आणि पाय फिरवतच राहतात. खाली उतरले की सायकल ढकलत नाहीत, खांद्यावर घेतात. काल एक आजोबा अंगणातून फाटकापर्यंत सायकल खांद्यावर घेऊन गेले.

दुरुस्तीच्या दुकानातल्या मिस्त्रीकाकांना विचारलं. त्यांनी सुतकी चेहऱ्याने सांगितलं की पाय थांबले किंवा सायकल ढकलली की चाक टिकटिकतं, आणि घाटात ती टिकटिक होऊ द्यायची नाही. मला वाटलं, नवख्या बाईची फिरकी घेतायत. मी खो खो हसले. ते हसले नाहीत.

४ मे
डोकं फिरलंय माझं. सकाळी सायकल बाहेर काढली तर मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमधून टिकटिकच येईना. उघडून बघते तर आत घट्ट काळं ग्रीस ठासून भरलेलं! मिस्त्रीकाकांनी परस्पर केलं. नव्या माणसाची सायकल आली की ते असंच करतात, असं काकू म्हणाल्या. माझ्या सायकलीला हात? दुकानात जाऊन त्यांना चांगलंच झापलं. ते एवढंच म्हणाले, पोरी, राहू दे ते तसंच.

दुपारभर बसून रॉकेलने सगळं धुऊन काढलं. चाक फिरवलं. टिकटिक, टिकटिक. कसं छान वाटलं! खिडकी लावल्याचा आवाज आला म्हणून वर पाहिलं, तर काकू आत वळल्या होत्या.

५ मे
घाट चढून उतरले. उतारावर पाय सोडले आणि नुसती सुटले, वा! तिसऱ्या वळणावर मागे दगड घरंगळले. मग पुढच्या भोकातून जळक्या काडीसारखा वास आला. मी थांबले नाही.

खालच्या कठड्यापाशी एक शेळी पडली होती. मारलेली नव्हे, फाडलेली. अर्धी रस्त्यावर आणि अर्धी भोकाच्या तोंडाशी. रक्त अजून वाहत होतं. जनावर असेल एखादं. काकूंना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुझं चाक वाजत होतं का?

६ मे
लिहवत नाही. तरी लिहिते.

मिस्त्रीकाका सकाळीच ग्रीसचा डबा घेऊन आले होते. मी ऐकेना. मग म्हणाले, चल, मीही येतो सोबत, निदान पॅडल थांबवू नकोस. बरं म्हटलं. उतरताना ते पुढे, पाय फिरवत. वळणावर मी सवयीने पाय थांबवले. दोन-तीन टिकटिक झाल्या असतील, फार नाही.

भोकातून हात आला. काळा, खडबडीत, दोन जागी कोपर असलेला. तो माझ्याकडेच येत होता. काकांनी मागे पाहिलं, सायकल आडवी घातली आणि मला कठड्यावर ढकललं. त्याने त्यांना कमरेला धरलं. भोक लहान होतं. त्याने तरी ओढलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग तोंड नसलेलं, डोळे नसलेलं डोकं बाहेर आलं आणि त्याने कान रस्त्याला लावला. मी श्वास घेतला नाही. काकांचा बूट रस्त्यावर होता. पाय बुटातच होता.

माझ्यामुळे. मी हसले होते त्यांना.

७ मे
कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काकूंनी चहा समोर ठेवला आणि सांगितलं, त्यांचे यजमानही असेच गेले. एकदा माणूस हाती लागला की ते दिवसचे दिवस रस्त्याशी कान लावून बसतं. आता कोणी वर जाणार नाही.

भोंग्याचा फोन लागत नाही. पलीकडे डोंगरात रेंज नाही. सतरांदा केला. उद्या तो येणार — ते वाजणारं चाक घेऊन, गाणी म्हणत —

८ मे, सकाळ
मी वर निघाले. त्याला शिखरावरच गाठायचं. दुकानाला कुलूप आहे, ग्रीस शोधायला वेळ नाही. चढावर पाय फिरतच राहणार, टिकटिक होणार कशी?

८ मे
पाय घसरला. पॅडल उलटं फिरलं, टिक वाजलं. एकदाच —

रस्ता दुरुस्त करणाऱ्यांच्या दगडी खोपटात आहे. सायकल आडवी ओढून आणली, चाक फिरू न देता. डावा पाय गुडघ्याखाली — नाही बघत. ओढणी आवळून बांधलीय. ते बाहेर आहे. दारासमोर रस्त्याला कान लावून बसलंय. मी गप्प आहे म्हणून ते गप्प आहे.

ओरडता येत नाही. तोंडातून हवाच येते नुसती.

वरून आवाज येतोय. टिकटिकटिक. भोंग्याचं चाक. गातोय मूर्ख.

दारासमोर त्याने डोकं उचललं. वर वळलं. भोंग्याकडे —

नाही. माझ्याकडे ये. सायकल उलटी केलीय. मागचं चाक हाताने फिरवतेय. ये इकडे. ये. वळलं. येतंय. एका हाताने फिरवतेय, एका हाताने लिहितेय, हे तू वाचशील तर भोंग्या, पॅडल थांबवू नकोस, ढकलू नकोस, खांद्यावर —

गेला! समोरून गेला, सुसाट. खाली गेला. सुटला माझा भाऊ.

ते दारात आहे. वास. चाक फिरवतेय अजून. फिरू दे. तो लांब जाईपर्यंत —

खालची टिकटिक थांबली.

हाक मारतोय. ताई, तूच ना? ओळखलं म्हणतोय. माझं चाक ओळखलं —

परत येतोय. चालत. सायकल ढकलत. टिक. टिक. टिक.

माझ्या चाकाकडे ते लक्षही देत नाही आता, भोंग्याचं मोठ्याने वाजतंय. दारातून वळलं —

भोंग्या उचल ती खांद्यावर उच