बर्फ वितळेपर्यंतचा सभासद

१२ जानेवारी २००९, सोमवार

ऑरिन गेला! छपरावरचा बर्फ खाली ओढत होता, शिडीवरच छातीत कळ आली असणार. शेजारणीला सापडला, बर्फाच्या ढिगात, हातात फावडं तसंच.

साठी उलटलेल्या, एकट्या माणसाने छपरावर चढायचं कशाला? पण ऐकलंय कधी कोणाचं! बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. उन्हाळ्यात अख्खं गाव त्याच्या दारात, आणि हिवाळ्यात तो आमच्या दुकानात. काउंटरच्या टोकाला बसून खिमा-बटाटा भरलेली एक पेस्टी आणि कॉफीवर कॉफी. बोलणं नावालाच. "तर मग असं बघ," म्हणायचा आणि पुढे इतका वेळ थांबायचा, की मधे माझी दोन गिऱ्हाइकं उरकून व्हायची.

घरी नवऱ्याला, रुबेनला, सांगितलं. तो जेवलाच नाही. त्याच्या स्वतःच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, जिना चढला तरी ओठ निळे पडतात, आणि त्यात ही बातमी. मी म्हटलं, जरा आडवा हो. "होतो," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसून राहिला.

१५ जानेवारी, गुरुवार

अंत्यविधी झाला. म्हणजे अर्धाच. ऑरिनची शवपेटी टेकडीवरच्या दगडी खोलीत नेऊन ठेवली, आता मे महिन्यापर्यंत तिथेच. हिवाळ्यात गेलेल्याला आमच्याकडे गोठलेली जमीन उघडेपर्यंत थांबावंच लागतं. माझी आईसुद्धा दोन महिने थांबली होती.

नंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलचीचा पाव. यालमारने मला कोपऱ्यात घेतलं. यालमारचं खिळेमोळ्यांचं दुकान आहे आणि आमच्या व्यापारी संघटनेचा तो अध्यक्ष. मी चिटणीस. (दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून.)

"ऑरिनचं कंपनीला कळवलंस?"

"नाही अजून."

"मग नकोच कळवूस."

मला लगेच उमगलं. आरोग्य विम्याच्या कंपनीशी आमचा करार आहे तो निदान पंचवीस धंद्यांचा. ऑरिनला धरून पंचवीस, तो वजा झाला की संपलं. मग ज्याने त्याने आपापलं बघायचं. आणि एकेकट्याला विमा देतंय कोण! न्हाव्याची साखर, बेकरीवाल्या इर्माची पाठ, रुबेनची झडप. कंपनी एकेकाला वरपासून खालपर्यंत बघते आणि दार लावून घेते. सगळे एकदम दारात उभे राहिलो तरच आत घेते. यालमार वर्षानुवर्षं भांडतोय ते एवढ्यासाठीच. दरवर्षी कंपनी म्हणते, तुम्ही फार आजारी पडता. दरवर्षी हा इस्त्रीचा सदरा घालून खाली शहरात जातो आणि घसा बसेपर्यंत भांडून येतो.

त्याने कपावर चमचा वाजवला. "ऐका रे. पुरलंय का ऑरिनला? नाही. मग जमीन उघडेपर्यंत तो आपलाच सभासद. मेमध्ये पुरू, मेमध्ये नाव काढू."

"बरोबर आहे," इर्मा म्हणाली, तोंडात पाव. "पुरल्याशिवाय कुठे कोण जातं!"

पाद्रीबाबा आपल्या कॉफीत बघत राहिले. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. रुबेनची उन्हाळ्याआधीच शस्त्रक्रिया व्हायला हवी असं डॉक्टर म्हणालेत — मी नाही करणार तर कोण करणार!

रुबेनचे हात खिशातच. घरी येताना म्हणाला, "मेलेल्या माणसाला कामाला लावलंत तुम्ही."

"तुझ्यासाठीच लावलंय," मी म्हटलं. 

२२ जानेवारी

दुकानात चिटपाखरू नाही. काउंटरच्या टोकाची खुर्ची मी आत नेऊन ठेवली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज हजेरी. दर फेब्रुवारीत प्रत्येक सभासदाने कंपनीला स्वतः फोन करायचा — धंदा चालू आहे, मला विम्यात राहायचंय. आमच्या गावची माणसं म्हणजे! गोठलेल्या तळ्याला भोक पाडून अख्खा दिवस एका माशाची वाट बघतील, पण फोन कानाला लावून थांबा म्हटलं की घाम फुटतो. म्हणून सगळ्यांचे फोन मीच करते. जन्मतारखा पाठ आहेत. बायकांच्या वतीने बोलते, पुरुषांच्याही वतीने बोलते. सिगारेट सोडली, पण घोगरेपणाने मला सोडलं नाही. कंपनीतली ती मिस प्रुइट मला "सर" म्हणाली की रुबेन आत जाऊन हसतो. तिला कळत नसेल असं नाही. पण ती चांगली आहे, दूर दक्षिणेकडे बसते, बर्फ बघितलेला नाही, आणि आमच्याबद्दल तिला जरा मायाच वाटते.

ऑरिनचा फोन शेवटी ठेवला. पेस्टीची कणीक मळता मळता मन घट्ट केलं आणि लावला. आवाज खाली नेला, शब्द लांबवले. "मी ऑरिन कांगस बोलतोय."

 ती हसली. "अहो मिस्टर कांगस, आत्ता सकाळीच तर बोललो आपण! झाली की तुमची हजेरी. विसरलात?"

मी फोन ठेवून दिला. फोनला सगळीकडे पीठ लागलं होतं, ते पुसत बसले.

४ फेब्रुवारी

यालमारला जाऊन खडसावलं. ऑरिनच्या नावाने तू फोन केलास ना? मला न सांगता?

"आईची शपथ, लोर्ना! मी कशाला करू? मला नीट खोटं बोलता येत असतं तर तुला चिटणीस केलं असतं का?"

तेही खरंच. संघटनेच्या नाश्त्याच्या बैठकीत सगळ्यांना विचारलं. एकही कबूल होईना. न्हावी म्हणाला, "कोणी का असेना, काम झालं ना? मग उगाच कशाला उकरतेस!"

६ फेब्रुवारी

राहवलं नाही. माझ्याच नावाने, चिटणीस म्हणून, मिस प्रुइटला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कांगस ना? किती गोड गृहस्थ! पण भारी सावकाश हो. 'तर मग असं बघ' म्हणतात आणि मधे आपण चहा करून यावा! थंडी फार आहे म्हणाले. मी म्हटलं, शेगडी लावा की. तर म्हणाले, इथे नाहीये."

मी म्हटलं, हो, जुनं घर आहे.

११ फेब्रुवारी

भर दुपारी यालमारला घेऊन टेकडीवर गेले. ऊन होतं, डोळे दुखतील इतकं लखलखीत. दगडी खोलीच्या दारापुढे कमरेएवढा बर्फ, वरून टणक, त्याच्यावर कोणाचं पाऊल नाही. कोल्ह्याचंसुद्धा नाही. कुलूप गोठून दगड झालेलं.

यालमारने टोपी काढली. "ऑरिन," तो दाराला म्हणाला, "कोणी तुझं नाव वापरत असेल तर माफ कर बाबा." मग माझ्याकडे बघून ओशाळला. "चल. पाय गारठले."

परत वळलो तेव्हा आम्हा दोघांनाही चालायची नको तेवढी घाई झाली होती.

१७ फेब्रुवारी

नकार! पत्र आलं. रुबेनचं ऑपरेशन "थांबता येण्याजोगं" आहे म्हणे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. सहा महिने! काल ताटली उचलून ठेवताना दम लागला त्याला. मी रडले. रागाने रडले आणि भीतीनेही.

यालमारने पत्र वाचलं आणि तिथूनच कंपनीला फोन लावला. "आमच्या एकाला थांबवता? मग सगळ्यांचं ऐका. सुनावणी घ्या." शुक्रवार ठरला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नीट लिहून ठेवायचंय. 

सगळे यालमारच्या दुकानात जमलो. खिळ्यांच्या पेट्यांमध्ये दाटीवाटीने उभे, टोप्या हातात, फोन काउंटरवर, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केलेला. रुबेनला रंगाच्या डब्यावर बसवलं होतं. पलीकडून कंपनीचे डॉक्टर आणि मिस प्रुइट.

यालमार बोलला. इतकं छान मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "आम्ही हप्ते चुकवले नाहीत. न्हाव्याचा धंदा बसला तेव्हा आम्ही बाकीच्यांनी त्याचा भरला. आम्ही चोवीस तास एकमेकांना बघतो, डॉक्टर, तुम्ही कागद बघता. हा माणूस थांबू शकत नाही."

डॉक्टर म्हणाले, भावना समजतात. पण कागदावरून तसं दिसत नाही. आणि सगळे सभासद खरंच पाठीशी आहेत का?

"हजेरी घेऊ या," मिस प्रुइट म्हणाली आणि एकेक नाव पुकारायला लागली. इथे आपापल्या तोंडानेच बोलावं लागणार होतं. "हजर." "हजर." इर्मा नेहमीप्रमाणे ओरडलीच. मला एकाएकी आठवलं की आता ऑरिनचं नाव येणार. मी यालमारकडे बघितलं. त्याने हनुवटीने खूण केली — तू बोल. मी घसा साफ केला.

"ऑरिन कांगस?"

"आहे."

मी नाही बोलले. माझं तोंड उघडलंही नव्हतं. आवाज फोनमधून आला! पलीकडून नाही, आमच्या बाजूनेही नाही, मधूनच कुठूनतरी, आणि त्याच्यामागे पाणी ठिबकल्यासारखा आवाज.

 इर्माने माझा दंड धरला, अजून वळ आहे.

"तर मग असं बघ," फोन म्हणाला.

आणि थांबला. ती शांतता! ती आम्हा सगळ्यांच्या ओळखीची होती. गेली कित्येक वर्षं आम्ही तिला हसलो होतो. डॉक्टर "हॅलो? हॅलो?" करत होते. आमच्यातलं कोणी "हॅलो" म्हणालं नाही. आम्हाला माहीत होतं की तो बोलेपर्यंत थांबायचं असतं.

"रुबेनला थांबता येणार नाही," तो म्हणाला. "मी थांबलो होतो. नका थांबवू."

"कोण बोललं?" डॉक्टर.

"सभासद आहेत आमचे," मिस प्रुइट म्हणाली, अगदी अभिमानाने.

 न्हाव्याने टोपी छातीशी धरली होती. सगळ्यांत शांत रुबेन. तो फोनकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "आभारी आहे रे."

२१ फेब्रुवारी

आज कोणी कोणाच्या दुकानात गेलं नाही.

२४ फेब्रुवारी

मंजुरी आली. दहा मार्चला ऑपरेशन. मी हसले, रडले, जळक्या पेस्टी गिऱ्हाइकाला विकल्या.

रुबेन काही हसला नाही. "लोर्ना, आता कंपनीला सांगून टाक. त्याला मोकळं कर."

"सांगितलं तर मंजुरीच जाईल! इर्माची जाईल, सगळ्यांचीच जाईल."

"तो थंडीत उभा आहे गं. आपण सोडत नाही म्हणून उभा आहे."

"मग राहू दे उभा!" मी ओरडले. "मला तू हवास. दुसरं काही कळत नाही मला."

बोलून गेले आणि लाज वाटली. पण खोटं नव्हतं ते. तो उठून आला, दोनदा थांबत, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ठरलं की ऑपरेशन झालं, तो घरी आला, की त्याच दिवशी मी मिस प्रुइटला सगळं सांगायचं. मग जे व्हायचं ते होवो. मी शब्द दिलाय.

२ मार्च

यालमारने दुकानातला फोन बदलला. जुना तळघरात ठेवलाय. फेकवत नाही म्हणतो.

९ मार्च, सोमवार

शहरात आलो. रस्ता मोकळा होता. गाव सोडताना रुबेन म्हणाला, टेकडीवरून गाडी ने. नेली. खाली न उतरता त्याने काच खाली केली आणि बराच वेळ नुसता बघत बसला. छपरावरून पाणी गळायला लागलंय. मेच्या आधीच जमीन उघडेल यंदा, असं म्हणाला. मी म्हटलं, काच लाव, सर्दी होईल.

हॉस्पिटलचं जेवण त्याला आवडलं नाही. म्हणजे तब्येत ठीक आहे.

१० मार्च, सकाळ

आत नेलं. माझ्याकडे बघून डोळा मारला. नर्स म्हणाली, काळजी करू नका, वेळ लागेल, बसा. बसलेय. यालमार आणि इर्मा दुपारपर्यंत पोचतील. इर्मा पाव आणतेय.

१० मार्च, नंतर

मिस प्रुइटचा फोन आला, इथे, माझ्या मोबाइलवर. इतकी खुशीत! "लोर्ना, अभिनंदन! मिस्टरांचा आत्ता फोन आला होता, अगदी स्वतःच बोलले. आता काहीच दुखत नाही म्हणाले. आणि कांगसांचं नाव काढा म्हणाले, ते दमलेत, त्यांच्या जागी मी आहे."

आतलं दार अजून उघडलेलं नाही.