कमान चाटून पाहिली त्याची हकिगत

आदरणीय वहिनी,

लांबूनच वाकून नमस्कार. कार्डावर ‘सविस्तर लिहितो’ म्हटलं त्याला तीन महिने झाले. टाळाटाळच केली, कारण काही नाही. रोज कागद काढायचो, त्यावर चहाचा कप ठेवायचो, मग डागाळलेल्या कागदावर वडीलधाऱ्यांना कसं लिहायचं म्हणून नवा आणायला निघायचो. (त्या दुकानात एक पोपट आहे. त्याचं पुढच्या पत्रात.) कंबर कशी आहे? दादा अजून घोरतो का?

सध्या एका जुन्या चर्चमध्ये भिंती खरवडतोय. आतली कमान सगळ्यांत जुनी, नऊशे वर्षांची, असं इथले चावीवाले आजोबा येईल त्याला सांगतात. मला शंका आली. बाबा दाखवायचे ना, चांगला गवंडी छिन्नीचे घाव एकाच दिशेने ठेवतो म्हणून? इथे एका दगडावर आडवे, शेजारच्यावर उभे. म्हणजे दुसरीकडच्या पडक्या बांधकामाचे दगड आणून, जमेल तसे फिरवून बसवलेत. दगड जुने, कमान अलीकडची. आजोबांना म्हटलं तर भडकले, “चाळीस वर्षं मी काय थापा मारतोय? तुझं वय काय, बोलतोस काय!”

खात्रीसाठी मी बाबांसारखा दोन दगडांमधल्या दरजेतला चुना चाटून पाहिला. नेमके तेव्हाच पाहुणे आत आले. त्यांना वाटलं, इथली रीतच असेल. रांग लावून एकेकाने कमानीला ओठ टेकवले! आजोबा खूश. आता ती प्रथाही नऊशे वर्षांची झाली आहे.

चव मात्र ओळखीची निघाली. आपल्या अंगणातल्या चुन्याच्या टाकीची. किती जुना चुना ते कळेना. बाबा तिथवर शिकवायच्या आतच मी पळालो होतो. डोळ्यांत पाणी आलं. चुना झोंबतो हो. (जुना झोंबतो का, हे बाबांना विचारू नका.)

तुमचा धाकटा दीर

ता. क. कमानीचं राहू द्या. काम अर्ध्यावर टाकून गेलेल्याला बाबा पुन्हा हाताखाली घेतील का, एवढं काढून घ्या. मी विचारलं म्हणू नका.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता थांबलो. चर्चच्या दारात बाबा! शेजारच्या गावाला जायचं तरी कुरकुरणारे बाबा! पत्ता तुम्हीच दिलात ना? पिशवी खांद्यावरच आहे. माझ्याकडे एकदाही न बघता आजोबांना विचारतायत, “हा वेळेवर जेवतो का?”