राजीनाम्याला सवड नाही

ता. ४ जुलै

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. नमस्कार बसूनच करते. वाकले तर उठवायला दोन माणसं लागतील, असे पाय सुजलेत.

हे पत्र आईला दाखवू नकोस. मी नर्सिंग सोडतेय.

आमच्या सर्जिकल वॉर्डात एक सीनियर सिस्टर आहेत. आम्ही विद्यार्थिनी त्यांना पाठीमागे अरिष्ट सिस्टर म्हणतो. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला रांगेत उभं करून विचारलं, की दुसरं काही जमलं नाही का. मग म्हणाल्या, डॉक्टर ओरडतील, पेशंट ओरडतील, नातेवाईक तर ओरडायलाच येतात, आणि म्हातारपणी कंबर ओरडेल. बाकीचा स्टाफ चहा पीत हसला. मी चादर घातली की विचारतात, ही चादर आहे की नकाशा. एका आजोबांशी दोन शब्द बोलले, तर म्हणाल्या, हे हॉस्पिटल आहे, माहेर नाही.

माझी रूममेट बॅग भरून घरी गेलीसुद्धा. ती जाताना सिस्टरांनी तिचं कौतुक केलं, म्हणजे म्हणाल्या, हिला तेवढी तरी अक्कल आहे. आता माझी पाळी, असं सगळे धरून चाललेत. मीही. तू इतकी वर्षं नर्स आहेस, तू तरी खरं सांगशील म्हणून तुला लिहिलं.

लोभ आहेच, तो रडक्या भाचीवरही राहू दे.

तुझी,
भुंगी

ता. ९ जुलै

चि. भुंगीस,

अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा. तोही पोचला असं समज.

खरं सांगते. तुमच्या सिस्टर म्हणतात ते सगळं खरं आहे. माझी कंबर हे लिहितानाही ओरडतेय. डॉक्टर ओरडतात, त्यांना मी मनातल्या मनात एनिमा देते आणि कामाला लागते. फक्त त्या बाईंनी अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं चांगलं आहे, आणि चांगलं बोलताना सापडणं म्हणजे काही लोकांना चारचौघांत पायजमा सुटल्यासारखं वाटतं.

आमच्या बाळंतपणाच्या वॉर्डातही अशा दोघी आहेत. नव्या विद्यार्थिनी आल्या की यांचं तोंड सुटतं. मग मी त्या पोरींना बाजूला घेऊन माझं पहिलं बाळंतपण सांगते, म्हणजे मी पाहिलेलं. मी चक्कर येऊन थेट डॉक्टरांवर कोसळले. बाळ-बाळंतीण सुखरूप, टाके डॉक्टरांना पडले. पोरी हसतात. एकदा हसली की पोरगी टिकते, असा माझा अनुभव.

तेव्हा सोडायचं तर खुशाल सोड, पण तुझ्या स्वतःच्या कारणानं सोड. दुसरीच्या कंटाळ्यापायी नको. बूट एक नंबर मोठे घे. आणि पुढच्या वेळी त्या जा म्हणाल्या, की भोळा चेहरा करून त्यांनाच विचार, तुम्ही का नाही गेलात. भोळा चेहरा तुला जन्मजात आहे.

आईला सांगितलेलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

लोभ भरपूर शिल्लक आहे, हवा तेवढा उधळ.

मावशी

ता. २६ जुलै

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. सोडलेलं नाही. हे आधी लिहिते, म्हणजे तू श्वास सोडशील.

आमच्याकडे एक बँडमास्तर आहेत, पोटाचं ऑपरेशन झालेले. दिवसभर तक्रारी. उशी उंच आहे, उशी सपाट आहे, शेजारचा बेसूर घोरतो. मंगळवारी दुपारी मी उशी सरळ करायला गेले, तर गडी गप्प. उशी काढून घेतली तरी चकार शब्द नाही. हात गार, कपाळावर घाम, नाडी नुसती पळत होती आणि बोटाखाली जेमतेम लागत होती.

मी सांगायला धावले. सगळा स्टाफ बसलेला. एक जण म्हणाली, या पोरींना प्रत्येक जांभईत मरण दिसतं. सगळ्या खिदळल्या. वाटलं, परत फिरावं. पण मावशी, मी तिथेच उभी राहिले आणि पुन्हा सांगितलं, की ते उशीबद्दल काहीच बोलत नाहीयेत. अरिष्ट सिस्टरांनी कप खाली ठेवला. पलंगापाशी आल्या, पोटावर हात ठेवला, आणि मग ती बाई जी पळाली! आत रक्तस्राव होत होता. डॉक्टर आले, लगेच पुन्हा ऑपरेशन झालं. वाचले.

शाबासकी मिळाली. सिस्टर म्हणाल्या, हात धुऊन ये, आणि पुढच्या वेळी नाडी आधी सांग, उशीचं पुराण नंतर. तेव्हा माझ्या तोंडून निघूनच गेलं, की तुम्ही का नाही सोडलंत. भोळा चेहरा करायचंही राहिलं. त्यांनी हात पुसले. मग म्हणाल्या, राजीनामा लिहायला बसलं की कुठलं तरी गाढव मरायला टेकतं. उठावं लागतं. परत येईपर्यंत राग निवलेला असतो आणि पेन कुणीतरी ढापलेलं असतं. वर दम दिला, की हे बाहेर बोललीस तर महिनाभर बेडपॅन तुझ्याकडे.

रूममेट परत येणार नाही. बहिणीच्या दुकानात बसते, उशिरा उठते, मजेत आहे. मला तिचा हेवा वाटतो, पण तो फक्त पहाटे.

बँडमास्तर अजून फार अशक्त आहेत, बोलत नाहीत. मी रोज त्यांची उशी मुद्दाम वाकडी ठेवते.

लोभ नको, मलम पाठव.

भुंगी

ता. १ ऑगस्ट

चि. भुंगीस,

आशीर्वाद आणि मलम, दोन्ही सोबत.

तुझं पत्र मी आमच्या विद्यार्थिनींना मोठ्यानं वाचून दाखवलं. बेडपॅनची शिक्षा मला लागू नाही. आमच्या त्या दोघीही कोपऱ्यात बसून, ऐकत नसल्यासारखं ऐकत होत्या. एक म्हणाली, पोरीचं नशीब, दुसरं काय. पण तेव्हापासून दुसरी रोज कामावर आली की पर्स ठेवायच्या आधी मला विचारते, तो माणूस उशीबद्दल काही बोलला का.

तेव्हा पाल्हाळ न लावता लगेच कळव. माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, तिच्यावर कर.

मावशी